गाडीचा कौल

पास्कूच्या अंगणात मोटरसायकल उभी होती आणि आमचे हे तिला प्रदक्षिणा घालत होते. हात मागे बांधलेले, मान खाली. जन्म देवळात गेलेला माणूस, समोर काहीही उभं केलं तरी पाय आपोआप भोवती फिरायला लागायचे.

“भिक्या, वडाक फेरे मारतंस काय रे?” पास्कू ओसरीवरून ओरडला. “बस मरे एकदा!”

पास्कू म्हणजे पास्कल फर्नांडिस, यांचा शाळेपासूनचा मित्र. तो कायमचा वसईला लेकीकडे जायला निघाला होता. घरातलं सगळं देऊनघेऊन झालं होतं, राहिली होती ती एवढी मोटरसायकल. ती भिकाजी गुरवालाच द्यायची असं त्यानं पक्कं ठरवलं होतं, आणि भिकाजी गुरवांनी, म्हणजे आमच्या यांनी, अजून काहीच ठरवलं नव्हतं. त्यांना तेव्हा पन्नासावं लागलेलं, मला पंचेचाळिसावं. मुलगी लग्न होऊन डिचोलीला गेलेली. घरात आम्ही दोघं आणि यांचा उजवा गुडघा. त्या गुडघ्याला मी घरातलं माणूसच धरत असे, कारण सकाळी उठल्यावर पहिली विचारपूस त्याची व्हायची.

हे शेवटी सीटवर बसले. दाव्याला धरलेला बैल सुटेल की काय अशा बेतानं त्यांनी हँडल धरलं. पास्कूनं बाजूनं किक मारली. गाडी धडधडली, आणि हे उडी मारून खाली. गाडी पास्कूच्या अंगावर कलंडली. पास्कूची बायको रोझी दारात उभी होती, ती तोंडावर हात धरून हसली. मीही हसले. यांनी दोघींकडे पाहिलं आणि धोतर झटकलं.

“माका जमाचा नाय,” हे म्हणाले. “चालत गेलेला बरा.”

“चालत खंय जातंस? गुडघो बघ तुझो, फणसाएवढो झालो!”

“बघतंय. इचार करतंय.”

यांचा विचार म्हणजे पाण्यात पडलेली म्हैस. एकदा बसली की उठायचं नाव नाही.

आमची गुरवकी दोन देवांची. सातेरीचं देऊळ गावात, आमच्या घराला लागूनच. दुसरा रवळनाथ, तो सड्यावर. सडा म्हणजे गावाच्या डोक्यावरचं कातळाचं पठार. तिथं झाड नाही, सावली नाही, देव तेवढा आहे, आणि पलीकडे वरची वाडी. रोज सकाळी सातेरीच्या तळीतलं पाणी तांब्यात भरायचं, अनवाणी घाटी चढायची, सडा तुडवायचा आणि त्या पाण्यानं रवळनाथाला आंघोळ घालायची. यांच्या आज्यानं ते केलं, वडलांनी केलं, हे करत होते. पण गुडघा सुजायला लागला आणि रवळनाथाची आंघोळ कधी दुपारी, कधी तिन्हीसांजेला, कधी दुसऱ्या दिवशी अशी होऊ लागली. वरच्या वाडीतले लोक कुरकुरायला लागले.

एक दिवस गावचे मानकरी दाजी परब घरी आले. चहा प्याले, सुपारीचं पीक, नारळावरची कीड, सगळं बोलून झालं. उठता उठता म्हणाले, “भिकाजी, शिमग्यापासून सड्यार बाबल्याक धाडूया. तुझो गुडघो बरो होईसर.”

बाबल्या यांचा चुलतभाऊ, तरणाताठा. पन्नाशीतला गुडघा बरा होत नसतो हे दाजींना ठाऊक होतं, आणि भाऊबंदाच्या घरात गेलेली पूजा परत येत नसते हे आम्हाला ठाऊक होतं. त्या दिवशी हे जेवले, पण ताटात काय होतं हे त्यांना सांगता आलं नसतं. सड्यावरची पूजा गेली असती म्हणून आम्ही उपाशी मेलो नसतो. पण हा माणूस आतून मेला असता, हे मी लिहून देते.

तेव्हा पास्कूच्या गाडीची गोष्ट निघाली ती अशी. सड्यावर कच्चा रस्ता झाला होताच. गाडी आली की गुडघ्याचं काम चाकं करणार. मी ते दाजींच्या कानावर घातलं. दाजींनी मिशीवरून हात फिरवला.

“तांब्यातला पाणी आजपर्यंत पायांनी सड्यार गेला,” ते म्हणाले. “आता चाकार घालून न्हेवचा तर देवीक इचारूक व्हया.”

देवीला विचारायचं म्हणजे कौल लावायचा. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. पिटकुळीच्या फुलांचे न उमललेले कळे घ्यायचे, पाण्यात बुडवायचे आणि देवीच्या दोन्ही खांद्यांवर एकेक चिकटवायचा. मग गाऱ्हाणं घालायचं. उजवा कळा आधी पडला तर होय, डावा पडला तर नको. गाभाऱ्यात अंधार, एका समईचा उजेड, त्यामुळे सभामंडपातल्यांना कळे दिसत नाहीत. गुरव पाहतो आणि सांगतो. त्याच्या शब्दावर आमच्या गावात लग्नं ठरलीत आणि मोडलीत, विहिरी खणल्यात, माणसं मुंबईला गेलीत आणि राहिलीत.

आणि यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. दाजींच्या थोरल्या मुलाची सोयरीक एका मोठ्या घरात जुळत आली होती, कौल डावा पडला आणि यांनी तसं दाजींच्या तोंडावर सांगितलं. दाजी चार महिने आमच्या घराकडे फिरकले नाहीत. यांना काही वाटलं नाही. “देवीन दिल्यान ता सांगितलंय,” एवढंच म्हणाले.

शुक्रवारी सकाळी दाजी आणि गावचे चार लोक सभामंडपात बसले. मी बायकांबरोबर खांबाशी. यांनी कळे लावले आणि गाऱ्हाणं सुरू केलं. यांचं गाऱ्हाणं ऐकायला परगावची माणसं येत. पण त्या दिवशी दुसऱ्याचं नव्हतं, स्वतःचं होतं, आणि त्यात ते तीनदा अडखळले.

“बा सातेरी माऊली म्हाराजा! ह्यो तुझो सेवक… ह्यो तुझो सेवक आज तुझ्या पायाकडे इलो आसा. तेणां गाडी घेवन, ती चालवन, तुझा पाणी सड्यार न्हेवचा काय? होयात तर उजवो दी, नसात तर डावो दी, म्हाराजा!”

“होय म्हाराजा!” सगळे म्हणाले.

मग वाट पाहणं. कौलाच्या वेळी सभामंडपात कुणी खोकतही नाही. बऱ्याच वेळानं हे बाहेर आले. आमच्या कुणाकडे न बघता म्हणाले, “डावो दिल्यान.”

दाजींनी हात जोडले. पास्कू देवळाच्या पायरीबाहेर उभा होता, तो “अरे देवा” म्हणाला आणि स्वतःच दचकला. सगळे हळहळले. हे मात्र त्या दिवशी दोन भाकऱ्या जास्त जेवले. मला वाटलं, दुःखानं असेल. काही माणसांना दुःखात भूक लागते.

दुसऱ्या दिवशी गुडघ्यानं यांना अंथरुणातून उठू दिलं नाही. गुरवाची बायको म्हणून मला गाभाऱ्यात मोकळीक होती, तेव्हा निर्माल्य काढायला मी गेले. कौल झाला की उरलेला कळा हे स्वतः काढतात, पण आदल्या दिवशी विसरले असणार. देवीच्या पायाशी एक कळा पडलेला होता. दुसरा अजून खांद्यावर होता, चिकटून, सुकलेला. डाव्या खांद्यावर.

मी समई जवळ नेली. पुन्हा पाहिलं. देवीचा डावा आणि आपला डावा यात माझी गल्लत होत नाही ना, म्हणून देवीकडे पाठ करून उभी राहिले आणि माझ्या डाव्या खांद्याला हात लावून पाहिला. डावाच. म्हणजे पडला होता तो उजवा. देवीनं होय म्हटलं होतं, आणि माझ्या नवऱ्यानं बाहेर येऊन नको सांगितलं होतं.

मी तिथंच उंबऱ्यावर बसले. चोरी केली असती, दुसरी बाई ठेवली असती, तरी मी एवढी हादरले नसते. आणि मग बसल्या बसल्या मला रोझीचं हसणं आठवलं, आणि माझं. देवीला कधी न भ्यालेला हा माणूस मोटरसायकलला भ्याला होता. मोटरसायकललाही नाही. पन्नासाव्या वर्षी पोराटोरांसमोर पडायला, आणि लोकांनी हसायला. सड्यावरची पूजा जाईल, पण हसू नको, एवढी ती भीती मोठी होती. मला राग यायला हवा होता. खरं सांगते, कीवच आली.

तो कळा मी काढला आणि निर्माल्यात टाकला. घरी येऊन गुडघ्याला निगडीच्या पाल्याचा शेक दिला. बोलले काहीच नाही. नवऱ्याला खोटं पाडून घरात काय उजेड पडणार होता?

पुढच्या शुक्रवारी मी नारळ घेतला आणि चार लोकांसारखी सभामंडपात जाऊन उभी राहिले. हे गाभाऱ्याच्या दारात दुसऱ्या कुणाचं गाऱ्हाणं संपवत होते.

“तुझा काय गे?” दाजींनी विचारलं.

“माका कौल लावचो आसा.”

“कसलो?”

“पास्कूची गाडी मी घेव काय म्हणान.”

मागून कुणीतरी हसलं. यांच्या हातातली घंटी वाजली, वाजवायची नसताना.

“तू गाडी चालवतलंस?” दाजी म्हणाले. “बायलमाणूस?”

“माहेराक मी सायकल चालवलंय. हिका पण दोनच चाका आसत.”

“पण देवीन डावो दिल्यान मा?”

“तो तेंका दिल्यान. तेंनी आपल्यासाठी इचारल्यानी. गाडी मी चालवतलंय, ते मागे बसतले. तांब्यो तेंच्या हातात, पाय तेंचे अनवाणी. देवाच्या पाण्याक माझो हात लागाचो नाय, चाकाक पाणी लागाचा नाय.”

दाजींनी मिशीवरून हात फिरवला. ते मानकरी होते, आणि मानकऱ्याला एक गोष्ट नीट समजते, ती म्हणजे नियमाचं कलम. “प्रश्न येगळो आसा खरो,” ते म्हणाले. “गावातल्या कोणीय नारळ ठेवल्यान तर गुरवान कौल लावचोच. लाव रे भिकाजी.”

यांनी माझ्या हातातून नारळ घेतला. मी खांबाशी गेले नाही, गाभाऱ्याच्या उंबऱ्यापाशीच उभी राहिले. तिथून दोन्ही खांदे दिसतात. यांना ते कळलं, पण मला मागे हो म्हणायची सोय नव्हती. नारळ ठेवणाऱ्याचा तो हक्क असतो.

गाऱ्हाण्यात माणसाचं नाव घ्यावं लागतं. लग्नातल्या उखाण्यानंतर यांनी माझं नाव चारचौघांत घेतलं नव्हतं. घरात “गे”, बाहेर “आमच्या घरात”. त्या दिवशी त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले,

“बा सातेरी माऊली म्हाराजा! ही तुझी लेक, यमुना भिकाजी गुरव, आज तुझ्या पायाकडे इली आसा. आपल्या घोवाक घेवन सड्यार जावक तिना गाडी घेवची काय? होयात तर उजवो दी, नसात तर डावो दी, म्हाराजा!”

“होय म्हाराजा!”

या वेळी ते एकदाही अडखळले नाहीत. मी कळ्यांकडे पाहत होते. डावा पडला तर सगळंच संपलं, पूजा बाबल्याकडे आणि आमच्या घरात ते न बोललेलं खोटं. उजवा पडला तर पुढचं या माणसाच्या जिभेवर. गेल्या शुक्रवारी तीच जीभ फिरली होती.

कळा पडला. मी पाहिला. मग मी यांच्याकडे पाहिलं. ते देवीकडेच बघत होते, पापणी न हलवता. त्यांनी हात पुढे केला, उरलेला कळा लगेच खांद्यावरून उचलला आणि मुठीत घेतला. मग ते बाहेर आले.

“उजवो दिल्यान, म्हाराजा!”

बायकांमध्ये एकच गलका झाला. दाजी माझ्याकडे बघून म्हणाले, “देवीच्या मनात काय येयत ता सांगूक नाय,” आणि मला तेव्हा त्यांचं म्हणणं अगदी पटलं.

गाडी आली. कापणी झालेल्या कुणग्यात मी शिकले. कुणगा म्हणजे भाताचा वाफा, पडलं तर लागत नाही, एवढंच सुख. साडीचा काष्टा मारला आणि पास्कूनं शिकवलं. जाण्याआधी त्यानं स्वतःचे आठ दिवस त्यात घातले. मी पडले. बांधाच्या या बाजूला पडले, त्या बाजूला पडले, एकदा गाडीसकट पाटाच्या चिखलात बसले. पहिल्या दिवशी निम्मं गाव बघायला आलं. “गुरवीण पडली रे!” अशी आरोळी उठली की घराघरातून माणसं बाहेर यायची. ज्यांना हसायचं होतं ते पोट धरून हसले. हे बांधावर माझ्या वहाणा हातात धरून बसायचे. मी पडले की अर्धवट उठायचे, मी उठले की पुन्हा बसायचे.

चार-पाच दिवसांनी लोकांना कंटाळा आला. त्याच त्या बाईनं त्याच त्या कुणग्यात किती वेळा पडलेलं बघायचं? आपापली कामं होती लोकांना. शेवटी बांधावर उरले हे एकटे. त्या दिवशी मी कुणग्याला पूर्ण वेढा घालून त्यांच्यासमोर गाडी थांबवली, न पडता. त्यांनी वहाणा खाली ठेवल्या आणि माझ्याकडे असं पाहिलं, की मी तोंड फिरवून टाकीवरची धूळ पुसत राहिले.

“लोक हसले गे,” ते म्हणाले.

“हसले मा. मगे काय झाला?”



शिमग्याच्या आधीच्या सोमवारी आम्ही पहिल्यांदा सड्यावर निघालो. हे सकाळीच आंघोळ करून, सोवळं नेसून, तळीचं पाणी भरलेला तांब्या दोन्ही हातांनी छातीशी धरून तयार. बसायला मात्र तयार नाहीत. आधी गाडीला नमस्कार, मग रस्त्याला, मग मला करायच्या बेतात होते, मी म्हटलं, “बसा आता.” बसले. दोन्ही हात तांब्यात गुंतलेले, तेव्हा धरायला काही नाही. घाटीच्या पहिल्या वळणावर त्यांनी कपाळ माझ्या पाठीला टेकलं आणि ते तसंच ठेवलं.

घाटी संपली. सडा लागला. सकाळचं ऊन कातळावर पसरलेलं, वारा भरपूर, रस्ता मोकळा. मी वेग थोडा वाढवला. पाठीवरचं कपाळ उठलं.

“गे,” ते कानाशी म्हणाले. “एक सांगाचा होता.”

“सांगा.”

“पयल्या वेळाक देवीन उजवो दिल्लो.”

“माका म्हायत आसा.”

त्यांनी मान माझ्या खांद्यावरून पुढे काढली. मग, “कसा?”

“डावो खांद्यारच होतो. दुसऱ्या दिवशी मीच काढलंय.”

“आणि बोललंस नाय?”

“नाय.”

मला वाटलं आता पुरे, आता बोलू नये. पण सड्यावर माणूस बोलतो, ऐकायला कुणी नसतं.

“आणि माझ्या वेळाक डावो पडलो,” मी म्हटलं. “ताय बघलंय. दारातच होतंय मी.”

त्यांचे हात तांब्यावर घट्ट झालेले मला पाठीला जाणवले. आता त्या गोष्टीला पुष्कळ वर्षं झाली, पण तो तांब्याचा गार काठ मला अजून आठवतो.

“मगे उजवो कित्याक सांगितल्यात?” मी विचारलं. “जन्मात कधी असा केल्यात नाय.”

“कसा सांगू?” ते म्हणाले. “माका नाय म्हणूक सोपा होता. तू नारळ घेवन उभी रवलंस. तुका नाय म्हणूक माझी जीभच उचलली नाय.”

सड्यावरचा रस्ता मला एकाएकी दिसेनासा झाला. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

“देवी कोपली तर?”

“कोपली तर माझ्यार कोपतली,” ते म्हणाले. “तू फुडे बघ. म्हस इली.”